ओठांच्या वडीवरची मखमल

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार, पायांवर डोकं आणि पत्राच्या सुरुवातीला जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं धर, कारण मला आधी बातमी सांगायची आहे. आकडा उतरला नाही.

फोनवर मी हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू "हो का, छान झालं" म्हणालीस. तुला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं तू मनाने घालतेस. तेव्हा यापुढे तुझ्याशी कागदावरच बोलायचं असं ठरवलंय. पुन्हा पहिल्यापासून सांगते. मला सीलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझं आतडं त्याच्याशी भांडता भांडता स्वतःलाच सोलून काढतं. आत किती भांडण चाललंय ते रक्तातल्या आकड्यावरून कळतं. दहाच्या आत असला तर शांतता. दीड वर्षापूर्वी माझा एकशे साठ होता. गहू सोडला, तसा उतरत उतरत ऐंशीवर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. परवा चौऱ्याऐंशी.

डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "चोरून काय खाता?"

आत्या, इतकं लागलं मला! दीड वर्षात पावाचा कण तोंडात घातलेला नाही. घरात गव्हाचं पीठ येतच नाही. मास्तरसुद्धा माझ्याबरोबर तांदूळ आणि मका खातो. (मास्तर म्हणजे माझा नवरा. तो शाळेत गणित शिकवतो. तू अजून त्याला 'तो बँकेतला' म्हणतेस.)

तिथे आहारतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, खाण्यात नसेल तर लावण्यात असेल. कातडीतून ग्लुटेन आत जात नाही, पण ओठांवरचं आणि बोटांवरचं शेवटी तोंडातच जातं. घरी येऊन न्हाणीघरातलं कपाट उघडलं आणि खालीच बसले. हाताच्या क्रीममध्ये गव्हाच्या अंकुराचं तेल, शांपूत गव्हाचं प्रथिन, चेहऱ्याच्या लेपात जव. गव्हाला मी ताटातून हाकललं, तर तो न्हाणीघरात बिऱ्हाड थाटून बसला होता.

सगळं पोत्यात भरून टाकलं. ठेवली ती फक्त तुझी ओठांना लावायची वडी. शीतगृहात चार अंशांत आठ तास गुलाबांच्या जुड्या तपासायच्या म्हणजे ओठही फुटतात आणि बोटंही. तीन वर्षं तुझ्या वड्यांनीच तारलंय मला. वरचा तो पांढरा मखमली थर ओठांवरून पहिल्यांदा फिरवायचा, ते सुख तर विचारूच नकोस. पण आहारतज्ज्ञ बाईंना प्रत्येक गोष्टीची यादी हवी आहे, म्हणून तू वडीत काय काय घालतेस ते कळव.

पुढची तपासणी एप्रिलमध्ये. तेव्हाही आकडा उतरला नाही तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलंय. पण आज ते लिहीत नाही.

तुझी
बटण

२० जानेवारी

बटणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा शेजारच्या शिवणवालीकडून मोठ्याने वाचून घेऊन, कारण माझा विश्वास बसेना. चोरून खातेस म्हणे! तू जन्मल्यापासून हाताला लागेल ते तोंडात घालायचीस हे खरं. माझ्या ब्लाउजचं बटण गिळलंस आणि मी दोन दिवस तुझ्यावर पहारा देत बसले, म्हणून तर तुला हे नाव पडलं. पण तेही तू सगळ्यांदेखत गिळलं होतंस. चोरी तुझ्या रक्तात नाही, असं त्या डॉक्टरांना माझ्या नावाने सांग.

आता वडीचं. मधमाश्यांचं मेण एक वाटी, खोबरेल दोन वाट्या, एरंडेल चार चमचे, बदामाचं तेल दोन चमचे, गुलाबाच्या अत्तराचे पाच थेंब. झालं. यात गहू कुठे दिसला तर कळवा म्हणावं.

हे गेले आणि बेकरी बंद झाली त्याला सहा वर्षं झाली, तरी वड्या मी ह्यांच्याच टेबलावर करते आणि ह्यांच्याच छोट्या केकच्या साच्यांत ओतते. बारा साचे आहेत. ह्यांनी लावलेली शिस्त मी अजून मोडलेली नाही. साचे आधी नीट तयार करून ओळीने मांडायचे, मग ओतायचं, गार झालं की उलटं करून एक टिचकी मारायची. बाराच्या बारा वड्या अख्ख्या बाहेर. चाळीस वर्षांत ह्यांचा केक साच्याला चिकटला नाही, माझी वडी कशी चिकटेल?

तू शोधतेस म्हणून मीही इथे शोधायला निघाले. ह्यांचं भिंग घेऊन सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेले. काउंटरवर माझ्याच वयाची बाई होती, माझ्याहून चौपट रंगलेली. म्हणाली, "कोणती शेड दाखवू?" म्हटलं, "शेड कुठलीही चालेल, गहू नको." ती म्हणाली, "धान्याचं दुकान पलीकडे आहे, आजी." आजी! मग मी तिला तुझा आजार पहिल्यापासून समजावला. अर्ध्या तासाने आम्ही दोघी मिळून भिंगातून लिपस्टिकच्या बुडावरची अक्षरं वाचत होतो आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. एवढं करून हाती काही लागलं नाही. त्या कंपन्या इतकं बारीक लिहितात म्हणजे मनात काहीतरी काळं असणारच.

आणि डॉक्टर पुढचं काय म्हणाले ते सांग. अर्धवट लिहिलंस की उरलेलं मी मनाने भरते, आणि माझं मन चांगलं काही भरत नाही.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

तुझी यादी आहारतज्ज्ञ बाईंना दिली. त्यांनी वाचून मान डोलावली आणि फाइलला लावली. मी तिथेच म्हटलं, बघा, घरचं ते घरचं!

इकडे मास्तरने भिंतीवर मोठा तक्ता लावलाय. तीन रकाने आहेत. 'ग्लुटेन आहे', 'नाही' आणि 'कंपनीलाच माहीत नाही'. तिसरा रकाना जमिनीपर्यंत पोचलाय. मी एकोणीस कंपन्यांना लिहिलं. एकीने उत्तर दिलं की आमची सर्व उत्पादनं प्रेमाने बनवली जातात. मी परत लिहिलं की प्रेम चालेल, गव्हाचं विचारलं होतं. दुसऱ्या एका कंपनीतल्या बाईंनी मात्र स्वतः फोन केला, एकतीसच्या एकतीस घटक वाचून दाखवले आणि वर विचारलं, आता बरं आहे ना तुम्हाला? त्या बाईंच्या टूथपेस्टवर माझा जन्मभर लोभ राहील.

बाटलीवर गहू हा शब्द कुठेच नसतो, हे मला आता कळलंय. तो लॅटिन नाव घेऊन बसतो. 'ट्रिटिकम' म्हणजे गहू, 'होर्डियम' म्हणजे जव. दुकानात मी आता तोंडाने पुटपुटत फिरते आणि लोक बाजूला सरकतात. एवढ्या खटाटोपातून एक टूथपेस्ट, एक साबण, एक हातांचं क्रीम आणि एक लिपस्टिक मिळाली. लिपस्टिकचा रंग विटेचा आहे. मास्तर म्हणतो छान दिसतोय, पण त्याने मान वर करून बघितलेलं नाही.

ते हातांचं क्रीम शीतगृहात गोठून दगड होतं, म्हणून कामावर तुझीच वडी वापरते. हल्ली दिवसातून पंधरा वेळा तरी. आधी बोटांना, मग ओठांना, आणि लावली की ओठ चाटायचे ही माझी खोड तुला माहीत आहेच. तोंड मात्र बरं नाही. आतून फोड आलेत, ओठांच्या कडाही चिरल्यात. जितकं चिरतं तितकी वडी जास्त लावते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मास्तरला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तू फोनवर त्याच्याकडे बोलू नकोस. काही थोड्या लोकांचं आतडं गहू पूर्ण सोडला तरी सावरत नाही. आजार त्याच्या पुढच्या पायरीवर गेलेला असतो. मग दुर्बीण घालून आतला तुकडा काढून बघतात आणि जन्मभराच्या जड गोळ्या सुरू होतात. त्यांनी तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात आणि पुढे आणखी वाईटही काही होऊ शकतं. ते काय, हे मी विचारलं नाही. आत्या, मी चौतीस वर्षांची आहे. मला खूप भीती वाटते.

बटण

२ मार्च

बटणे,

पत्र वाचलं. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे, तेव्हा खोटं कशाला लिहू.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं करते. सोबत बारा वड्या पाठवत आहे. नेहमी सहा पाठवते, पण तुला हल्ली जास्त लागतात ना. तुझी आवडती मखमल जपून ठेवली आहे, बोटसुद्धा लागू दिलं नाही. चिरलेल्या कडांना रात्रीही लाव. बाजारातलं सगळं फेकून दे, माझी वडी आहे तोवर तुझ्या ओठांची काळजी तू करायची नाही.

मास्तरला सांग. बायकोचं दुखणं नवऱ्याला शेवटी कळवण्यात काय शहाणपण आहे?

आत्या

२४ एप्रिल

आत्या,

सत्त्याण्णव.

उतरायचा सोडून वर चढला. डॉक्टरांनी या वेळी चोरून खाण्याचं काही विचारलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. वीस मेला दुर्बिणीची तपासणी ठरली आहे. त्यानंतर गोळ्या.

मास्तरला सांगितलं. तो उठला आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला.

आणि ऐक, त्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला काय विचारावं? "वडी तुमची आत्या कशी करते ते तुम्ही कधी उभं राहून पाहिलंय का?" मी तीन वर्षांत तुझ्याकडे येऊ शकले नाही हे आधीच मला टोचतं, त्यात हे. माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या आत्याला मेण आणि गहू यांतला फरक कळतो!" आणि रागाने उठून आले. मागून त्या एवढंच म्हणाल्या, "यादीत जे घालतात ते असतं. मी करण्याचं विचारत होते."

दुनियेतल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता तू तेवढी उरली होतीस.

बटण

३ मे, सकाळ

बटणे,

तुझं पत्र आत्ताच हाती आलं. सत्त्याण्णव भिंगातून पुन्हा वाचलं, आणि पुढचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. करण्याचं विचारत होत्या म्हणे! त्या बाईंना सांग, चाळीस वर्षं मी बेकरीत उभी होते, ह्यांच्या खांद्याला खांदा लावून. मला काम शिकवू नका. पाहायचंच असेल तर या माझ्या घरी, खुर्ची देते, चहा देते, बसा आणि बघा डोळे फाडून. आज तुझ्यासाठी बारा वड्या करायलाच घेतल्या आहेत. मेण वितळायला ठेवलंय, तोवर लिहिते. शिवणवालीही येऊन बसली आहे, मी तिला सगळं सांगते आहे आणि तीही माझ्या बाजूने चिडली आहे. मेण झालं बघ. ओतून येते, मग उरलेलं

त्याच दिवशी, दुपार

बटणे, वडी वापरू नकोस. तोंड धू. आहेत तेवढ्या सगळ्या टाकून दे.

शिवणवालीने फोन केला आहेच, पण मला माझ्या हाताने लिहायला हवं. मी टेबलापाशी उभी होते. त्या बाईंवर तोंडसुख घेत होते. यादी बोटांवर मोजत शिवणवालीला सांगत होते की मेण, खोबरेल, एरंडेल, बदाम, अत्तर, यात कुठे आहे सांग गहू? ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे. म्हणाली, "आणि हे काय?"

माझ्या हातात पिठाची चाळणी होती, बटणे.

साच्याला तेलाचं बोट फिरवायचं आणि वर गव्हाचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे केक चिकटत नाही. हे मला ह्यांनी लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात शिकवलं. त्यानंतर ते मी केलं असं नाहीच, ते हातच करत आला. दार उघडताना कडी काढतो ते आपण कुठे कोणाला सांगतो? तू वडीत काय घालतेस विचारलंस, मी वडीत घालते ते लिहिलं. पीठ मी वडीत घालत नव्हते गं. साच्याला लावत होते.

आणि तू म्हणालीस मखमल, तर मीही म्हटलं मखमल. पुसली नाही, जपून ठेवली. तुला जास्त लागतात म्हणून दुप्पट पाठवल्या. तुझा आजार सगळ्या गल्लीला समजावून सांगितला आणि स्वतःच्या हाताला सांगायची राहिले.

शिवणवालीला विचारलं, बटण काय म्हणाली फोनवर? तर म्हणे नुसता आवाज येत होता, हसण्याचा की रडण्याचा ते कळलं नाही.

मला माफ कर असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू.

आत्या

१० मे

माझी आत्या,

हसण्याचा होता. रडण्याचाही होता. शिवणवाली बाईंना सांग, त्यांचे कान तुझ्यापेक्षा बरे आहेत.

मी कामावर होते. गुलाबांच्या खोक्यावरच बसले आणि इतकी हसले की सुपरवायझर बाई पाणी घेऊन धावत आल्या. त्यांना म्हटलं, "पीठ निघालं! नुसतं पीठ!" त्यांना वाटलं थंडीने डोक्यावर परिणाम झाला.

तुला अजून कळलंच नाहीये. तू त्या पत्रात छाती बडवत बसली आहेस की बटणीला विष दिलं, आणि इकडे मी देवाचे आभार मानत होते. चार महिने मी समजत होते की गहू कुठूनच येत नाही, तरी आतडं सोलतंय. म्हणजे आजार हाताबाहेर गेला. आता कळलं की गहू रोज येत होता, दिवसातून पंधरा वेळा, तोही माझ्याच बोटांनी. मग आतडं काय करणार बिचारं! ते बरोबरच होतं, आत्या. माझं शरीर शहाण्यासारखं वागत होतं. डॉक्टरांनी सांगितलेली ती पुढची पायरी कदाचित नव्हतीच कधी.

त्याच दिवशी वड्या घेऊन दवाखान्यात गेलो. आहारतज्ज्ञ बाईंनी काळ्या कागदावर चाकूने एक वडी खरवडली. पांढऱ्या पिठाचा हा एवढा ढीग! डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "दुर्बीण सध्या रद्द. चार महिने थांबू. सप्टेंबरात रक्त बघू, मग ठरवू." मास्तरने तिथल्या तिथे त्यांचा हात धरून इतका हलवला की त्यांनाच सोडवून घ्यावा लागला. मी आहारतज्ज्ञ बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "रागावलात म्हणून तर आत्याला लिहिलंत. न रागावता घरी गेला असतात तर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. एकोणीस कंपन्यांना पत्रं लिहिली, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देत बसले. त्या जवाच्या लेपाची तर मला आता दयाच येते. बिचारा गालाला लावायचा होता, तोंडात कधी गेलाही नव्हता.

एकच विनंती. पीठ न लावता वड्या कर आणि पाठव.

तुझीच
बटण

३० मे

बटणे,

तुझं मन मोठं आहे. पण वड्या मागू नकोस.

साचे धुतले, पुसले, खोक्यात घालून दोरीने बांधले आणि माळ्यावर ठेवले. सहा वर्षांत मला हे एकच काम उरलं होतं, ज्यात कोणाला माझा उपयोग होता. त्या कामाने तुझी ही दशा केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते माझ्या नशिबात अगदी शब्दाला शब्द आलं. त्यात तू वर मलाच समजावतेस, ते मला सोसत नाही.

जित्याची खोड आहे ही, मेल्याशिवाय जायची नाही. उद्या पुन्हा बोलता बोलता हात चाळणीकडे गेला तर? दुकानातलं लाव. कंपनीतल्या त्या चांगल्या बाईंना विचार.

आत्या

१२ सप्टेंबर

आत्या,

जूनमध्ये एक पत्र लिहिलं, जुलैत दोन, ऑगस्टमध्ये एक. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. शिवणवाली बाईंकडून कळतं की तू जेवतेस, झोपतेस आणि माळ्याकडे बघत नाहीस. ठीक आहे. पण या पत्राला गप्प बसून दाखव.

तेहतीस.

सत्त्याण्णवाचे तेहतीस! डॉक्टर म्हणाले, उतार असाच राहिला तर वर्षअखेर दहाच्या आत. दुर्बीण नाही, गोळ्या नाहीत. ती पुढची पायरी नव्हतीच. मास्तरने वर्गात मुलांना गणित घातलं की एका बाईंकडे सत्त्याण्णव फुलं होती, चार महिन्यांत चौसष्ट गेली, तर बाईंना आनंद का झाला? एकाही मुलाला उत्तर आलं नाही. त्याने सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

तोंडातले फोड गेले. जेवणाला चव आली. वजन तीन किलोंनी वाढलं आणि शीतगृहाचा जाड कोट पहिल्यांदाच मला मापाचा झाला.

ओठ मात्र फुटले आहेत. चार महिन्यांत दुकानातले अकरा प्रकार लावून पाहिले. सगळे 'नाही'च्या रकान्यातले, निर्मळ. पण एक चार अंशांत खडू होतो, एक नुसता सरकतो, एकाला औषधाच्या कपाटाचा वास येतो. तुझ्यासारखं मेण कोणालाच जमत नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ओठांतून रक्त येतंय म्हणून लिहिते आहे.

आत्या, त्या पिठाचा आता माझ्याशी काही संबंध उरला नाही. तुझ्याशी आहे. तू मला दुखवलं नाहीस, तू काकांचा हात सोडला नव्हतास एवढंच. थोडा सोड आणि वडी कर.

बटण

२८ सप्टेंबर

बटणे,

तेहतीस! शिवणवालीला मी मिठी मारली, तिच्या तोंडात टाचण्या होत्या, थोडक्यात वाचली. मग रडले. मे महिन्यापासून अडवून ठेवलेलं सगळं रडून घेतलं आणि उठले.

ह्यांचं टेबल नाही घेतलं. त्याच्या चिरांत चाळीस वर्षांचं पीठ आहे. अंगणात नवी फळी टाकली. पातेलं नवं, चमचा नवा, साचे नवे आणले. घरातलं पीठ आधी शिवणवालीच्या घरी नेऊन ठेवलं. आणि हात पुन्हा आपल्या मनाने वागू नये म्हणून तिला समोर बसवलं. तिला सांगितलं, बोलू नकोस, बोललीस की मी बोलेन, आणि मी बोलले की हात मोकाट सुटतो. दोघी तासभर मुक्या बसलो. गल्लीतले लोक डोकावून जात होते, काय झालं म्हणून.

साच्याला नुसतं तेलाचं बोट. टिचकी मारली. काही हललं नाही. दोन मारल्या. मग उलटं करून फळीवर आपटलं. बारांतली एकही वडी अख्खी निघाली नाही. हे असते तर हसले असते. मी मात्र चिकटलेली ती वडी बघून इतकी खूश झाले की काय सांगू. चिकटली म्हणजे पीठ नाही ना!

शिवणवाली शेवटी तोंड उघडून म्हणाली, "अहो, मग सरळ डबीतच का नाही ओतत?" चाळीस वर्षं आणि वर सहा, हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी तसंच करीन. या वेळचे तुकडे पाठवते आहे. डबीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे. आधी आहारतज्ज्ञ बाईंना दाखव, त्यांनी हो म्हटलं तरच लाव.

आत्या

६ ऑक्टोबर

आत्या,

डबी पोचली. चिठ्ठी आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्यासमोर मोठ्याने वाचली. 'मेण, खोबरेल, एरंडेल, बदाम, अत्तर. साच्याला तेल. हाताला साबण, दोनदा. पीठ शेजारी.' वाचून त्या म्हणाल्या, अशी चिठ्ठी कुठल्याच कंपनीने मला आजवर पाठवली नाही. मग हो म्हणाल्या.

मास्तरने तक्त्यावर 'नाही'च्या रकान्यात अगदी वर, मथळ्याच्या आणि पहिल्या ओळीच्या मधल्या जागेत तुझं नाव लिहिलंय. नुसतं 'आत्या'.

आज शीतगृहात सगळ्यात मोडका तुकडा घेतला. वर मखमल नव्हती, सुरीचे ओरखडे होते. बोटांना लावला, ओठांना लावला, आणि खोड कुठे जाते, ओठ चाटले. एकदम थबकले, भीती वाटली. मग 'पीठ शेजारी' आठवलं, आणि पुन्हा एकदा चाटले.

तुझी
बटण